लाटण्याचे दहा गुण

देवपुरात खोली घेऊन राहणाऱ्या आम्ही दोघी काय खातो, याची काळजी निम्म्या धुळ्याला होती. दूधवाला विचारायचा, वाणी विचारायचा, पांझरेवर धुणं धुणाऱ्या बायका हातातला पिळा तसाच धरून विचारायच्या, "काय गं पोरींनो, आज चूल पेटली का?" बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजचं वसतिगृह भरलं होतं म्हणून आम्ही बाहेर राहत होतो, एवढाच आमचा गुन्हा. शिकणाऱ्या मुलीला स्वयंपाक येत नाही, हे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांचेच मुलगे पुण्यामुंबईला राहून चहासुद्धा दुसऱ्याच्या हातचा पीत, त्याचं कुणाला काही नव्हतं. माझं डोकं तेव्हाही फिरायचं आणि आजही फिरतं.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मी जळगावची, वडील जिनिंगमध्ये कारकून. माझी सोबतीण शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. भावाने तिला ट्रेनिंगला पाठवलं ते सरकारी विद्यावेतन मिळतं म्हणून, आणि तेही अट घालून. पहिल्या खेपेला पास झालीस तर मास्तरीण हो आणि आपलं आपण पाहा. नापास झालीस तर परत यायचं आणि घरची चूल सांभाळायची, दुसरी खेप मिळणार नाही. हे सगळं तिने मला पहिल्याच आठवड्यात, मेथी निवडता निवडता सांगून टाकलं.

"पास व्हयनू ते मी मनी," ती म्हणाली, "नही ते भाऊनी." पास झाले तर मी माझी, नाहीतर भावाची.

आमच्याकडे एक चूल, एक तवा, दोन पातेली आणि एक परात होती. पाटा-वरवंटा घरमालकीण अक्कांचा. तेवढ्यावर आम्ही दोन वर्षं राणीसारख्या जेवलो. ज्यांना आमची काळजी वाटत होती त्यांच्या माहितीसाठी कसं ते सांगते. भाजी आणायला वेळ नसेल त्या दिवशी दुकानातून तिखट शेव आणायची. कांदा आणि सुकं खोबरं चुलीच्या आरावर काळपट होईपर्यंत भाजायचं, लसूण आणि लाल मिरचीबरोबर पाट्यावर वाटायचं, हात सैल सोडून तेल घालायचं आणि ते तेल वर येईपर्यंत वाटण परतायचं. मग पाणी घालून खळखळून उकळू द्यायचं. शेव मात्र जेवायला बसल्यावर ताटात टाकायची. आधी टाकली की तिचा लगदा होतो आणि मग आपण सुगरण आहोत असं कुणाला सांगता येत नाही. रात्रीची तुरीची डाळ भिजवलेली असली की सकाळी ती जाडसर वाटून, मिरची-लसूण घालून, मुठीने वळून फुणके करायचे आणि पातेल्यात खाली काड्या रचून वाफवायचे. वर कच्चं तेल, बरोबर कढी. यात अवघड काय आहे, ते मला कुणीतरी सांगावं.

रविवारी आम्ही पांझरेच्या वाळूत जायचो. हाताने वाळू उकरून झिरा करायचा, त्यात स्वच्छ पाणी साचेपर्यंत सागरगोटे खेळायचे. तिच्या घरून कुणी बाजाराला आलं की पऱ्हाट्यांची मोळी आणि हिरवी मोठी वांगी मिळत. कपाशीच्या वाळलेल्या काड्या, त्यांचा जाळ झटकन चढतो आणि झटकन बसतो, तो वांग्याला बरोबर मानवतो. वांगी भाजून, सोलून, हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचून, वरून कांद्याची पात आणि शेंगदाण्याची फोडणी. भरीत खाऊन झालं की त्याच वाळूत फुगड्या. नदीकाठच्या रस्त्याने जाणारे वकील-मास्तर थांबून बघत आणि मान हलवत. ट्रेनिंगच्या पोरी फुगड्या घालतात म्हणून आमच्या मुख्य बाईंकडे एकदा तक्रारसुद्धा गेली होती. तक्रार करणाऱ्याचं भलं होवो.

कॉलेजात आम्हाला पाकशास्त्र हा विषय होता. त्याचं जे पुस्तक होतं त्यात खानदेशात पिकणारी आणि खानदेशात रांधली जाणारी एकही गोष्ट नव्हती. ज्वारीचं नाव नाही, उडदाची भाकरी नाही, वांग्यापुढे 'वातूळ' एवढाच शेरा. मात्र साखरभात होता, केशर घालून. सगळं चहाच्या चमच्याने मोजलेलं, आणि चहाचा चमचा आमच्या वर्गातल्या मोजून तीन मुलींनी पाहिला होता. माझी सोबतीण पुस्तक वाचून हसायची. मी हसत नसे. मी ते पाठ करत होते, कारण मला पास व्हायचं होतं.

ती मीठ बोटाने घ्यायची, पीठ मुठीने आणि पाणी डोळ्याने. आणि मांडा करावा तर तिनेच. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते. आमच्याकडची पुरणाची पोळी पोळपाटावर होत नाही. कणीक तिंबून तिंबून सैल करायची, तार निघेल इतकी. उंड्यात पुरण भरायचं आणि तो दोन्ही हातांवर झेलत, या तळहातावरून त्या तळहातावर, मग कोपरापर्यंत नेत वाढवत जायचं. उपरण्याएवढी झाली की पालथ्या खापरावर अलगद टाकायची. खापर म्हणजे मातीची पसरट, फुगीर परात, चुलीवर उलटी घातलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर घरोघर हेच मांडे. माझी आई जळगावात राहूनही आखाजीला खापर काढायची. मला मात्र कधी जमलं नाही. माझा मांडा कोपराशी आला की फाटायचा, आणि आई म्हणायची, जाऊ दे, तू शीक आपली.

दुसऱ्या वर्षाच्या वार्षिक परीक्षेत पाकशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं आणि त्यात वेगळं पास व्हावं लागे. परीक्षक बाई बाहेरगावाहून आल्या. चष्मा, पांढरं पातळ, हातात छापील तक्ता. फळ्यावर लिहिलं गेलं, 'पुरणपोळी, चार माणसांसाठी'. माझ्या सोबतिणीचा चेहरा उजळला. तिने मुख्य बाईंना विचारून अक्कांच्या घरचं खापर आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं, वेळ पडली तर असावं म्हणून. मी तिला हळूच म्हटलं, "अगं, पोळपाटावर लाट. बाईंना दिसू दे."

"लाटनं कसाले?" ती म्हणाली. "हात शेतस ना!"

आमच्या चुली शेजारी शेजारी होत्या. मी लाटत होते. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, मधून मधून पिठी भुरभुरवत. माझी पहिली पोळी फुटली, दुसरीतून पुरण बाहेर आलं, तिसरी जाड झाली. तिकडे ती मांडा हातावर वाढवत होती आणि वर्गातल्या मुली आपापलं काम सोडून बघत होत्या. खापरावर पडलेला मांडा असा की खालचा मातीचा रंग आरपार दिसावा. परीक्षक बाई आल्या, थांबल्या. त्यांनी तुकडा मोडून खाल्ला. मग सबंध मांडा मागून घेतला, त्यावर तूप घ्यायला लावलं आणि उभ्या उभ्या संपवला. नंतर आणखी एक. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि कुणी मला शपथ घालून विचारलं तरी हेच सांगेन.

तोंड पुसून बाईंनी तक्ता उघडला. त्यांनी तिच्या चुलीभोवती शोधक नजर फिरवली.

"लाटणं कुठे आहे?"

"लाटणं लागत नाही, बाई," ती म्हणाली. परीक्षेपुरती ती अशी शुद्ध बोलायची.

बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात लाटणं होतं, म्हणून असेल. त्यांनी विचारलं, "तुम्ही याच भागातल्या ना? तुमच्याकडे सगळे असंच करतात का?"

मला वाटलं, हो म्हटलं तर आपणही गावंढळ ठरू. आपल्या फुटक्या पोळ्यांकडे त्या आणखी बारकाईने बघतील. मी म्हटलं, "खेड्यात करतात, बाई. आम्ही लाटतो."

शेजारच्या चुलीवर ती खापरावरचा मांडा काढत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. त्या दिवशी खोलीवर आल्यावर तिने शेवभाजी केली.

निकाल लागला. मी पास. ती सगळ्या विषयांत पास, पाठ घेण्यात वर्गात दुसरी, आणि पाकशास्त्रात नापास. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मी मुख्य बाईंच्या खोलीत न विचारता शिरले. म्हटलं, परीक्षक बाईंनी तिचे दोन मांडे तूप घालून खाल्ले आणि वर तिला नापास केलं, हा कुठला न्याय? माझ्या पोळ्या कुत्र्याने खाल्ल्या नसत्या आणि मी पास! मुख्य बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कपाटातून तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. लाटणे, दहा गुण. तिचं शून्य. तव्यावर भाजणे, दहा गुण. शून्य. साहित्य मापणे, दोन. पुरणाला आणि स्वच्छतेला चांगले होते, पण ते कुठवर पुरणार?

"हातावर करण्याचा रकाना यात नाही," मुख्य बाई म्हणाल्या.

"मग रकाना चुकीचा आहे!"

"असेल. मी त्यांना तेच म्हटलं. या भागाची ही पद्धत असेल, विचार करा, म्हटलं. तुम्ही खालचा शेरा वाचा."

शेरा स्वच्छ अक्षरात होता. 'स्थानिक विद्यार्थिनीकडे चौकशी केली. सुशिक्षित घरांत पोळी लाटण्याचीच रीत असल्याचे समजले.'

मी तक्ता परत ठेवला. मला आणखी काहीतरी ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं ते कळेना. मुख्य बाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी फक्त हा एक विषय देता येईल, तिच्या घरचे पाठवतील का? मी म्हटलं, नाही पाठवणार. आणि तेव्हाही मी सांगितलं नाही की ती स्थानिक विद्यार्थिनी मीच. सांगायला काय झालं होतं? पत्र गेलं असतं, काही झालं असतं, नसतं झालं. मी नाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. दांडगा, पण आवाज न चढवणारा माणूस. मी त्याला अंगणातच गाठलं. म्हटलं, भाऊ, फक्त एका विषयात राहिली आहे, एक वर्ष थांबा. त्याने विचारलं, कसामा? मी सांगितलं, पुरणपोळीत. तो हसला. चिडून नाही, खरंच हसू आलं म्हणून हसला.

"बठ्ठा गाव तिना हातना मांडा मांगस," तो म्हणाला, "आनि तुमनं कॉलेज तिले नापास करस!"

मला वाटलं, आता हा पाघळतो. पण त्याने तिची ट्रंक उचलून गाडीत ठेवली. कॉलेजला तिच्या हाताची किंमत नसली तर नसू दे, त्याच्या घरात होती. ती गाडीत बसली आणि पदर सारखा करून पुढे बघत राहिली.

मला त्याच जिल्ह्यात शाळा मिळाली. पाच-सहा वर्षांनी तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं, शाळेतल्या बाई म्हणून. गेले. मला पाटलांच्या आणि तलाठ्याच्या घरच्या बायकांच्या पंगतीत बसवलं, पाटावर. परसात पाच खापरं मांडलेली आणि मधल्या खापराशी ती. धुराने डोळे लाल, हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले, आणि मांडा अजून तसाच, आरपार दिसणारा. पंगतीतल्या बायका वाहवा करत होत्या. एकीने मला विचारलंही, बाई, तुमच्या कॉलेजात असलं काही शिकवतात का हो?

शेवटी ती स्वतः वाढायला आली. माझ्यासमोर वाकली, अंगाला धुराचा वास. ज्या बाईबरोबर मी दोन वर्षं एका गोधडीत झोपले, एका ताटात जेवले, तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "बाई, आखो एक ल्या."

मला ते सहन झालं नाही. मी तिचा हात धरला. म्हटलं, "मला बाई काय म्हणतेस? अहो-जाहो काय करतेस?"

तिने हात सोडवून घेतला नाही. मांडा माझ्या पानावर नीट पसरला, वर तूप सोडलं आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मंग काय म्हनू?" ती म्हणाली. "तुम्ही पास व्हयनात ना."

आणि ती पुढच्या पानाकडे वळली.