मराठी बाजूची ओळ

आमची शाळा मेथडिस्ट मिशनची. आतले निम्मे मास्तर चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जातात, तरी वर्ध्याकडचे लोक तिला ‘मिशनची शाळा’च म्हणतात. एकाच छपराखाली दोन माध्यमं. सकाळी मैदानात डाव्या हाताला मराठीच्या रांगा, उजव्या हाताला इंग्रजीच्या. मी उजव्या हाताचा, गणिताचा मास्तर. सुमित्राबाई डाव्या हाताच्या, पहिलीच्या.

शाळा काढणाऱ्या मडमेने घालून दिलेली प्रार्थना अजून चालते. एक ओळ इंग्रजी बाजूने म्हणायची, पुढची मराठी बाजूने. भाषांतर नव्हे हं, मागणंच वेगळं. शेवटी इंग्रजीवाले म्हणतात, आज जे आले त्यांना आशीर्वाद दे. त्यावर मराठीवाले म्हणायचे, ‘आज जे आले नाहीत, त्यांना सांभाळ.’ मग सगळे मिळून आमेन. मास्तरांनी मात्र ओठ हलवायचे नाहीत. देवाकडे मागायचं ते लेकरांनी, अशी रीत.

सुमित्राबाई शेतकऱ्याघरच्या. मिशनमध्ये नोकरी लागली तेव्हा सासू म्हणाली होती, “बाटशीन तू.” त्या काही बाटल्या नाहीत. पोरांची नाकं पुसली, बाराखडी गिरवून घेतली, आणि डावीकडच्या रांगा आटत गेलेल्या बघितल्या. दर उन्हाळ्यात त्या चपला झिजवत घरोघर हिंडायच्या. लोक चहा पाजायचे आणि पोरगं इंग्रजीत टाकायचे. चहाला कधी कोणी नाही म्हटलं नाही, एवढं खरं.

गेल्या वर्षी व्यवस्थापनाने सांगून टाकलं, या खेपेला पहिली भरली नाही तर मराठी बंद. बाई पुन्हा निघाल्या. चार-पाच घरांनी एकच उत्तर दिलं, “बाई, तुमची नात टाका मराठीत. मंग आमी टाकतो.”

नात म्हणजे वर्षाली, मुलगा अंकुशची पोरगी. राहतात सगळे एकत्र, सिंदी मेघेला. बाईंनी जेवताना विषय काढला. अंकुशने घास खाली ठेवला.

“आई, मी तुह्याच वर्गात शिकलो. आता दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजून राह्यलो. वर्षालीले नाई टाकत.”

हे मला बाईंनीच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. वर “खोटं नाई बोलला तो,” असंही म्हणाल्या. मला ऐकवेना. त्यांना काही वाटत होतं की नाही, कळेना.

वर्षाली उजव्या हाताला गेली. ती चार-पाच पोरंही तिच्यामागून तिकडेच गेली. मराठी बंद झालं. उरलेल्या मुलांचे दाखले दुसऱ्या शाळांत गेले आणि बाईंना निवृत्तीपर्यंत ग्रंथालय मिळालं.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी इंग्रजी बाजूने शेवटची ओळ म्हटली आणि सवयीने सगळी पोरं थांबली. डावीकडे नुसतं झाडलेलं मैदान. एक ओळ म्हणायला लागतो तेवढा वेळ गेला, मग आमेन झालं. मी बाईंकडे बघत होतो. त्यांचे ओठ मिटलेले होते. तेव्हापासून रोज हेच चाललंय. पोरांना कोणी सांगितलं नाही की आता थांबू नका. मीही नाही.

एक दिवस माझं डोकं फिरलं. ग्रंथालयात जाऊन म्हणालो, “बाई, तुम्ही तरी म्हणा ना ती ओळ!”

“मास्तरनं म्हणाची नसते, सर.”

“आता कसली आलीय रीत?”

“लेकराइची ओळ आहे ते.” पुस्तकाला कव्हर घालता घालता त्या बोलत होत्या. मान वर केली नाही. मग आपणहून म्हणाल्या, “रविवारी वर्षाली घरी शाळा-शाळा खेळून राह्यलती. उशा मांडल्या रांगेनं. हात जोडून प्रार्थना म्हनली. शेवटच्या ओळीले आली अन् थांबली. मले वाटलं, विसरली पोरगी. म्हनलं, घरात तं थे रीत नाई, ओळ सांगाव. तोंड उघडलंच होतं.”

“मग?”

“तं मलेच दटावलं तिनं. म्हने, ‘आजी, बोलू नोको. इथं चुप राह्याचं असते.’”

“मग तुम्ही काय केलंत?”

त्यांनी कव्हराची घडी नखाने दाबली.

“काय करन? राह्यली चुप.”