राऊळबाईंनी दुरुस्त केलेला धडा

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी गिरणीतून दळण घेऊन जिना चढत होते. मिलिंद म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सुमनचा भाचा. "मावशी, आत्या गेली सकाळी," एवढंच तो म्हणाला. डबा पायरीवर ठेवून मी तिथेच बसले. दोन दिवसांपूर्वीच मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये मी तिला भेटून आले होते. न्यूमोनिया झाला होता, पण ताप उतरला होता, डॉक्टरही घरी सोडायची भाषा करत होते. तोंडावरचा मास्क बाजूला करून ती म्हणाली होती, "विजू, या रविवारचं तू बघ." मी म्हटलं, "अगं, मी गणिताची. मला काय कळतंय त्यातलं?" तर हसून म्हणाली, "मला तरी कुठे कळत होतं?"

हे रविवारचं प्रकरण कळायला थोडं मागे जायला हवं.

भांडुपच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. मी गणित, ती इतिहास-भूगोल. तिचे वडील कुडाळजवळच्या गावातून येऊन कापडगिरणीत लागलेले, आणि घरात बी. एड. झालेली ही पहिलीच. त्यामुळे वर्गात सुमन, म्हणजे मुलांच्या राऊळबाई, एकदम कडक. तिचा आवाज शेजारच्या वर्गात मला ऐकू यायचा, आणि तो आला की माझीही मुलं आपोआप गप्प बसायची. आफ्रिका ती दोन तासांत संपवायची. वाळवंट, जंगल, सिंह, गुलाम, मग गोरे प्रवासी आले आणि त्या अंधाऱ्या खंडात उजेड पडला. तिलाही कॉलेजात असंच शिकवलं होतं. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

रिटायर झाल्यावर तिला वाचनाचा नाद लागला. लग्न केलं नव्हतं, सकाळ मोकळी. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. एक दिवस जगाच्या पानावर, अगदी कोपऱ्यात, चार ओळींची बातमी होती. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात सैन्याने सत्ता घेतली होती. तिने मला फोन केला. "विजू, हा देश नकाशावर कुठे आहे ते मला सांगता आलं नाही गं. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवलाय मी." मी म्हटलं, सोड ना, आता कोण परीक्षा घेतंय तुझी? पण तिने सोडलं नाही. विलेपार्ल्याच्या एका जुन्या वाचनालयात नाव घातलं आणि आफ्रिकेच्या इतिहासावरची इंग्रजी पुस्तकं आणायला लागली. इंग्रजी बेताचंच. शेजारी डिक्शनरी, दिवसाला चार पानं. तिथल्या लोकांनी चुन्याशिवाय दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या उंच भिंती, पूर्व किनाऱ्यावरून आपल्या पश्चिम किनाऱ्याशी चालणारा व्यापार... संध्याकाळी चहाला आली की हेच. "मुरूडच्या जंजिऱ्यावर राज्य केलं ते सिद्दी कुठून आले होते? आफ्रिकेतूनच ना? आपण सहल घेऊन जायचो तिथे. फोटो काढले, चिवडा खाल्ला आणि परत आलो."

त्याच वर्षी ती दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेली. ध्यान ती आधीपासून करायची, गुडघेदुखीवर उपाय म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. गुडघे काही थांबले नाहीत, पण बसायची सवय राहिली. शिबिरात फोन नाही, पुस्तक नाही, बोलणं नाही. परत आली ती थेट माझ्या घरी, हातात बॅग तशीच.

"सातव्या दिवशी संगीता उभी राहिली माझ्यासमोर," ती म्हणाली.

"कोण संगीता?"

"सातवी ब. तिसरा बाक. तिने विचारलं होतं, बाई, तिथले लोक पुस्तकं लिहायचे का? आणि मी म्हटलं, तिथे कसली आलीत पुस्तकं, बस खाली. सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले."

ती पुढे म्हणाली, "वाळवंटाच्या काठावर टिंबक्टू नावाचं गाव आहे, विजू. तिथल्या घराघरांत शेकडो वर्षांपूर्वीच्या हस्तलिखित पोथ्या आहेत. लढाई आली की लोक त्या पेट्यांत भरून लपवतात. आणि मी त्या पोरीला खाली बसवलं."

मला खरं तर हसू येत होतं. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली आहे ही, असं वाटलं. पण तिने बॅगही अजून खाली ठेवली नव्हती. चहा तसाच निवला.

संगीताला शोधायला तीन महिने गेले. जुन्या मुलींचे नंबर, एकीकडून दुसरीकडे. शेवटी कळलं, ती घाटकोपरला एका लॅबमध्ये रक्त तपासते. सुमनने एकटं जायचं धाडस केलं नाही, मला बरोबर नेलं. संगीता आता चाळिशीची, अंगात पांढरा कोट. बाईंना बघून आधी घाबरलीच. काही रिपोर्ट वाईट आला की काय, असं तिला वाटलं असावं. सुमनने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं. शेवटी म्हणाली, "तुझा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर चूक होतं."

संगीता गोंधळली. "बाई, मला आठवतसुद्धा नाही हो."

"मला आठवतंय ना. तेवढं पुरे."

मग संगीताने आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि जरा वेळाने म्हणाली, "पण बाई, त्या पोथ्यांत लिहिलंय काय?" सुमनचा चेहरा तेव्हा जसा उजळला तसा मी शाळेत कधी पाहिला नव्हता. तारे, औषधं, कायदा, व्यापार, कविता... लॅबमधली बाकीची माणसंही ऐकायला थांबली. निघताना संगीता म्हणाली, "माझ्या मुलीला हे सांगाल का?"

तिथून रविवार सुरू झाले. भांडुपला सुमनच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, महिन्यातला पहिला रविवार, सकाळी दहा. पहिल्या वेळी संगीता, तिची मुलगी आणि मी. वर्षभरात जुन्या विद्यार्थिनी अकरा झाल्या, कुणी मुलांना आणायच्या, एक तर सासूला घेऊन यायची. सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्यांनी शांत बसायचं, मग महिनाभरातली एखादी परदेशची बातमी आणि तिच्यामागचा जुना इतिहास. नुसत्या लढाया आणि दुष्काळ तिने कधी सांगितले नाहीत. आवाज तोच, खणखणीत. फरक एकच, आता ती मध्येच थांबून म्हणायची, "हे मला नक्की माहीत नाही." शाळेत हे वाक्य आम्ही तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

ती गेल्यावरचा पहिला रविवार मी घेतला, म्हणजे माझ्या परीने. संगीताच्या मुलीने अर्धा सांभाळला. ती आता बारावीला आहे, तिला पुढे इतिहास घ्यायचाय. संगीता थोडी कुरकुरते, पण अडवत नाही.

गेल्या आठवड्यात मिलिंद घर आवरत होता, त्याने मला बोलावून सुमनची पाठाच्या टाचणांची वही दिली. शाळेत आम्हाला रोजच्या धड्याचं टाचण काढून मुख्याध्यापकांना दाखवावं लागायचं, त्यातली ही. मी तिथेच जमिनीवर बसून चाळली. सातवीचा आफ्रिकेचा धडा निळ्या शाईत होता, तिचं ते वळणदार अक्षर. त्यावर अलीकडच्या लाल पेनाने तिरकी रेघ मारलेली, आणि समासात शेरा: "सुमन, पुन्हा लिहून आण." पुढची सहा पानं भरून तिने धडा नव्याने लिहिला होता. अक्षर जरा कापरं झालेलं, खाडाखोड बरीच. शेवटी लाल पेनाने तिने स्वतःला दहापैकी सात मार्क दिले होते, आणि खाली लिहिलं होतं, "बरं आहे. अजून वाच."