पाऊण तास थांबलेली बस

नगरजवळच्या भिंगारमधल्या आमच्या इंग्रजी शाळेत समुद्रावर अख्खा धडा होता, पण प्रत्यक्ष समुद्र पाहिलेले वर्गात चार-पाचच. नववीत असताना बायोलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "फळ्यावर ओहोटी कळत नाही," आणि दोन दिवसांसाठी आम्हाला कोकणात घेऊन गेल्या.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला पाणी ओसरलं होतं. माझ्या गटाने खडकाच्या अगदी खालच्या टोकाला एक चौकोन आखला आणि त्यातल्या दहा गोगलगायींच्या शंखांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. दुसऱ्या दिवशी त्या कुठवर सरकल्या ते पाहायचं, एवढाच आमचा प्रकल्प. वेळा ठरवून लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी फारशी बोलायचे नाही, पण लिहायचे नीट.

दुसऱ्या दिवसासाठीही मी नऊच लिहिले. शाळेचा तास रोज त्याच वेळी भरतो, तसाच समुद्रही, असं मी धरूनच चालले होते. नऊला गेलो तर आमच्या चौकोनावर लाटा येत होत्या. आणि साडेनऊला बस निघणार होती.

"गेल्या बुडून," गटातला एक मुलगा म्हणाला. "नगरकरांनी रंगवल्या ना, पोहणं विसरल्या असतील."

सगळे हसले. मी वहीत बघत राहिले.

जवळच एक मावशी खडकाला चिकटलेले शिंपले फोडून आतली कालवं काढत बसल्या होत्या. धीर करून मी विचारलं, "मावशी, पाणी कधी जाईल?"

"काल तिथ कोणती होती गो?"

"संकष्टी होती." आईने फोनवर उपवासाचं विचारलं होतं, म्हणून ठाऊक.

"मग आज पंचमी. पाणी तिथीवर चालतं, रोज पाऊण तास उशिरा उतरतं. पावणेदहाला बघ. पंचांग नाही काय तुमच्या घरी?"

होतं. पण ते उपवासाला लागतं, एवढंच आम्हाला माहीत.

बसपाशी जाऊन मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, वेळ मी चुकीची लिहिली. सव्वादहापर्यंत थांबू या का?" माझाच आवाज मला परका वाटला.

"घाटात अडाकलो तर मला म्हनू नका," ड्रायव्हरकाका कुरकुरले.

"काका, वर्षभरात ही पोरगी पहिल्यांदाच काही मागतेय," मॅडम म्हणाल्या.

"मग थांबावंच लागंल की."

पावणेदहाला खडक खरंच उघडा पडला. आम्हाला आठ ठिपके सापडले. नववा काकांना दिसला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते फटीत वाकले होते. "ही बघा, लई लांब आली!" एक मात्र मिळालीच नाही.

परतीच्या वाटेवर मी वहीतले 'नऊ' खोडायला लागले, तर मॅडमनी हात धरला. "राहू दे. खाली खरी वेळ लिही, आणि कुणी सांगितली तेही."

मावशींचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. मी लिहिलं, 'कालवं काढणाऱ्या मावशी', आणि मॅडमनी त्याखाली सही केली.