कौसल्याबाईंचं आपोआप पडणारं दार

शेजारच्या खुराड्यात घंटी वाजली आणि मी हातातली पिठाची परात टाकून देवघरात पळाले. नव्या नवरीनं सासूचं पीठ अंगणभर उधळलं, ही माझी सासरची पहिली कामगिरी. सातवी पास होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळतं असा माझा समज होता. पण कोंबड्यांच्या घरात दिवेलागणीला घंटी कोण वाजवतं, हे काही पुस्तकात नव्हतं. मी आठवतील तेवढ्या देवांची नावं घेत होते, तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आला.

"भूत न्हाय गं ए! घड्याळ हाय! तुझ्या माहेरी घड्याळं न्हाईत व्हय?"

त्या कौसल्याबाई. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. येरमाळ्याच्या अलीकडं सडकेला लागून आमचं गाव. निजामाचा अंमल जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आसपासच्या साऱ्या वाड्यावस्त्यांची बाळंतपणं या एका बाईच्या अंगावर होती. अणदूरकडच्या, विधवा, काटकुळ्या, पायात पुरुषी चपला. त्या हळू बोललेल्या मी कधी ऐकल्या नाहीत. "बस" म्हणाल्या तरी बसलेलं माणूस दचकून उभं राहायचं.

कोंबड्या पाळल्या त्याही रागानं. "बाळंतपण म्या करायचं, अन् मागनं हे लोक तिला नुसती पेज पाजणार! अंगात रक्त यायचं कुठनं? पेजेतनं?" मग त्या पिशवीत अंडी घेऊनच फिरायला लागल्या. बाळंतिणीसमोर उभं राहून खायला लावायच्या आणि सासूकडं बघत म्हणायच्या, "तिचं हाय. तिच्याच पोटात गेलं पाहिजे. म्या उद्या विचारणार हाय." विचारायच्याही.

अडचण एकच होती. कोंबड्या संध्याकाळी घरात येतात, आणि बाई संध्याकाळी कधीच घरात नसायच्या. खुराडं उघडं राहिलं की मुंगूस येऊन जायचं. म्हणून त्यांनी ते दार बसवलं. गजराचं घड्याळ खुराड्याबाहेर फळीवर ठेवलेलं. गजर वाजला की घड्याळाच्या पाठीची चावी फिरते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या चावीला दोरा, दोऱ्याला खिळा, खिळ्यावर टेकलेलं हलकं लाकडी दार. चावी फिरली की दोरा तिच्यावर गुंडाळला जायचा, खिळा निसटायचा आणि दार खाचेतून सावकाश खाली यायचं. सावकाश अशासाठी की दुसऱ्या बाजूला तोलाचा दगड बांधला होता.

मला हे सगळं इतकं आवडलं की मी घड्याळाला हळदकुंकू वाहिलं. बाई बघतच राहिल्या. "आता नवस बोल त्याला," म्हणाल्या. पुढं माझी अक्कल आणखी उजळली. दार खरंच सावकाश पडतं का, हे बघायला मी खाली बोटं ठेवली. तेव्हा कळलं की सावकाश पडलेलं दारही बोटांना पुरेसं लागतं. बाईंनी बोटं बांधली, बांधताना माझ्या अकलेचा पंचनामा केला, आणि त्याच दिवशी दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली. "बोटं ठेवणारी एक निघाली, मान ठेवणारी कोंबडी बी निघंल." त्या पट्टीचं श्रेय माझं आहे, हे मी अजून सांगते.

त्यानंतर संध्याकाळचं काम माझ्याकडं आलं. थंडीत दिवस लवकर मावळायचा, तेव्हा खुराड्याच्या जाळीबाहेर, खिळ्याला तारेनं कंदील टांगायचा. त्या उजेडानं कोंबड्या आत जाऊन दांडीवर बसायच्या. मग मी त्या मोजायच्या. एखादी बाहेर राहिली तर हाकलून आत घालायची, आणि दार पडेपर्यंत तिथून हलायचं नाही. मी एकदा विचारलंच, "दार आपोआप पडतंय तर मी कशाला उभी राहू?"

"घड्याळाला वेळ कळती गं. कोंबडी न्हाय कळत."

आता ज्या गोष्टीचा मला आजही राग येतो ती. आमच्या सरपंचांना सरकारी योजनेतून पांढऱ्या विलायती कोंबड्या मिळाल्या. सडकेच्या कडेला त्यांनी मोठं खुराडं बांधलं आणि बाईंना बोलावलं. "बाई, ते यंत्र आमच्याकडं बी बसवा." बाईंनी बसवून दिलं आणि बजावलं, "दार लाकडाचंच ठेवा. दिवा जाळीच्या भाईर. अन् दार पडताना माणूस उभं पाहिजे." मी तिथंच घड्याळ धरून उभी होते.

सरपंच हसले. "माणूसच उभं करायचं तर यंत्र कशाला, बाई?"

बाईंची पाठ वळली आणि सरपंचांनी सुधारणा केल्या. लाकडाचं दार हलकं दिसतं म्हणून जाड पत्र्याचं केलं, तोलाचा दगड मात्र तोच ठेवला. ते पडल्यावर बाहेरून आपोआप लागेल अशी कडी बसवली. आणि कंदिलाच्या जागी गॅसबत्ती आणली, ती आत, सुतळीनं, भुसकटावर टांगली. का? तर मोटारीतून जाणाऱ्या माणसाला सरपंचांचं खुराडं झगमगताना दिसलं पाहिजे!

ज्या संध्याकाळी तालुक्याचे साहेब जीपमधून बघायला आले, त्या संध्याकाळी गजर वाजला, पत्रा धाडकन आदळला, कडी लागली. त्या आवाजानं कोंबड्या उसळल्या आणि बत्तीवर आदळल्या. सुतळी तुटली. भुसकटानं पेट घेतला. पत्रा तापला, कडीला कुणाला हात लावता येईना. साहेब, सरपंच, सारं गाव बघत उभं होतं आणि आत त्या मुक्या जिवांचा कालवा चालला होता. पुढचं मी लिहीत नाही.

बाई तेव्हा एका वस्तीवर बाळंतपणाला गेल्या होत्या. सकाळी आल्या तर चावडीवर बोलावणं.

"तुमच्या यंत्रानं सरकारच्या कोंबड्या जाळल्या," सरपंच म्हणाले. "ते यंत्र मोडा अन् चार लोकांत माफी मागा. न्हाईतर तुमची बदली व्हती का न्हाय बघतो."

"लाकडाचं दार पत्र्याचं कुणी केलं?" बाई कडाडल्या. "कडी कुणी लावली? दिवा आत कुणी नेला? सडकेवरनं दिसायला पाहिजे हुता ना? दिसला की! येरमाळ्यापातुर दिसला!"

सारे खाली बघत बसले होते. ज्यांच्या लेकरांची नाळ या बाईनं कापली होती, तेच. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून मी उठले. फार शूर होते असं समजू नका. पदर तोंडात होता, आणि सरपंचांकडं बघायचा धीर नसल्यानं मी चावडीच्या खांबाला उद्देशून म्हणाले, "बाईंनी सांगितलं हुतं. दिवा भाईर लावा म्हणून. म्या ऐकलंय."

"कुणाची सून हाय ही?" सरपंच गरजले.

मला वाटलं, संपलं. पण शेजारी माझ्या सासूबाई उठल्या, ज्यांचं पीठ मी उधळलं होतं त्याच. "माझी हाय. काय म्हणणं हाय तुमचं?"

सरपंचांचं पुष्कळ म्हणणं होतं, पण ते त्यांनी तालुक्याला जाऊन सांगितलं. बाईंनी माफी मागितली नाही. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, आमच्याकडच्या वाशीच्याही पलीकडं कुठं तरी. गावानं हळहळ केली. हळहळीला काही लागत नाही, ती आमच्या गावात भरपूर.

निघायच्या दिवशी कोंबड्या दुरडीत घालून बाई एस.टी.कडं निघाल्या. दुरडीची एक कडा माझ्या हातात होती. वाटेत सरपंचांच्या वाड्यापाशी त्या थांबल्या, पिशवीतून अंडी काढली आणि सरळ आत गेल्या. सरपंचांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, चार दिवसांची ओली बाळंतीण. बाहेर ऐकू आलं ते एवढंच: "उकड अन् माझ्यासमोर खा. गाडी जाईना का."

गाडी खरंच गेली. दुसरीची वाट बघत सडकेवर उन्हात बसलो, तेव्हा मी रडत रडत भांडले. "त्या घरात अंडी देता? त्या माणसानं तुम्हाला गावातून हाकललं!"

बाई माझ्यावर शेवटचं ओरडल्या. "बाळंतीण ती हाय, येडे! सरपंच न्हाय!"

गाडी आली, दुरडी टपावर गेली, बाई निघून गेल्या. पुढं त्यांची गाठ पडली नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला म्हातारपणी पटलं आहे. पण माझा राग काही गेला नाही, आणि खरं सांगते, तो जावा असं मला वाटतही नाही.