हाली की कलदार?

आमच्या अकोल्याच्या घरात मायचा एकही आकडा सरळ मानला जात नसे. माहेरी सात बैल आहेत असं ती म्हणाली, की बाबा जेवता जेवता मान वर करून विचारायचे, "हाली की कलदार?" आणि आत्या लगेच, "हाली असतीन, म्हणजे सहाच!" मग सगळी पंगत खो खो हसायची.

माय हिंगोलीकडची, म्हणजे मोगलाईतली. तिकडे निजामाचा हाली रुपया, आमच्या वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. सात हाली मोजा तेव्हा सहा कलदार हातात पडायचे. निजामाचं राज्य गेलं तरी त्याचा रुपया काही एकदम गेला नाही, पुढे काही वर्षं तिकडच्या बाजारात चालतच राहिला. बाबा सरकी काढायच्या जिनात हिशेबाला होते. मोगलाईतून कापसाच्या गाड्या यायच्या, त्या गाडीवाल्यांना हालीचे कलदार करून सांगायचं काम बाबांकडेच होतं. जिनात त्याचा पगार तरी मिळायचा. घरात मात्र तोच हिशेब मायच्या डोक्यावर फुकट वाजवायचे.

माय तोंडाला पदर लावून हसल्यासारखं करायची. पण तिला ते झोंबायचं, चांगलंच झोंबायचं. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "माझ्या माहेरचं सगळंच कसं गं सातातलं एक कमी?" मी लहान होते. मी आपली चुलीत काडी सारली.

मग मोठ्या बहिणीचं लग्न निघालं. आमच्याकडे आहेर गुपचूप द्यायची पद्धत नव्हती. खड्या आवाजाचा एक माणूस मांडवात उभा राही आणि कोणी काय दिलं ते पुकारून सांगे. शेवटच्या बैलगाडीखाली निजलेल्यालाही ऐकू गेलं पाहिजे! त्यात नवरीच्या मामाचा पुकारा म्हणजे नवरीच्या आईच्या माहेराची इज्जतच. आत्याच्या मुलीच्या लग्नात बाबांनी मामा म्हणून एकशे एक रुपये दिले होते, आणि आत्या ते कोणाला विसरू देत नव्हती. हळद दळतानासुद्धा तिचं चालूच, "पाहू आता, मोगलाईचा मामा किती सोडते!" मायला त्या आठवड्यात घास गोड लागला नाही. तिच्या भावाचा पुकारा कमी पडला असता, तर जन्मभर तिला त्या घरात मान वर करता आली नसती.

मामा वाशिमवरून मोटारीनं आला, धुळीनं माखलेला, काखेत एक जड थैली दाबून. मायनं त्याला आधी न्हाणीकडे नेलं. दोघं काहीतरी कुजबुजले. परत आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखूच येईना, इतका शांत.

दुपारी मामानं थैली ताटात रिकामी केली. पुकारणाऱ्यानं रुपये मोजले, पुन्हा मोजले, एक रुपया उन्हात धरून पाहिला आणि ओरडला, "नवरीच्या मामाकडून एकशे अठरा! हाली!"

मांडव असा हसला म्हणून सांगू! आत्याला तर आयतंच सापडलं. "अगं माय माय! एकशे अठरा? हा कोनता आकडा वं? आहेराले वरचा एक तरी लावा लागते! आन् हे हाली पैसे अकोल्यात कोन घेते? बदलाले गेलं तर सराफ बट्टा मांगन, तो कोन भरन?"

मामा खाली मान घालून बसला. मला रडूच आलं. तेवढ्यात बायकांतून माय उठली. चारचौघांत बाबांशी बोलताना मी तिला तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "कलदारात किती होतात, सांगा की सगळ्यांना. रोज तर सांगता."

बाबांची जीभ सवयीची. ती सुटलीच. "सोळा साती बारोदरसे, म्हंजे एकशे बारा हालीचे झाले शहाण्णव कलदार. राहिले सहा हाली, त्याचे पाच आन्..." इथं बाबा थांबले. मायकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "एकशे एक. आन् वरते दोन आणे."

"ते दोन आणे तुमच्या सराफाच्या बट्ट्याला," माय म्हणाली, आणि खाली बसली.

पुकारणारा भला माणूस, कोणी न सांगता पुन्हा उभा राहिला आणि पहिल्यापेक्षा दुप्पट आवाजात ओरडला, "नवरीच्या मामाकडून एकशे एक कलदार!" माय पदरात तोंड घालून हमसाहमशी रडली. नंतर कळलं, मामा वाशिमला रुपये बदलूनच आणणार होता. मायनंच आधी निरोप धाडला होता, हालीच आण, आणि एवढेच आण. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी माय! पण रोजची थट्टा ऐकून ऐकून तो भाव तिला बाबांइतकाच पाठ झाला होता.

त्या दिवसापासून बाबांनी घरात तो प्रश्न विचारला नाही. मायचे सात बैल सातच राहिले. मला फार बरं वाटायचं, तरी खरं सांगते, जेवणाची मजा थोडी कमीच झाली. पुढे हाली बंद झाला, मग आणेही गेले, नवे पैसे आले. आत्या नव्या पैशांना शिव्या द्यायला लागली आणि मोगलाईला विसरली.

बऱ्याच वर्षांनी मायचे डोळे दाखवायला आम्ही तिला अमरावतीला नेलं. डॉक्टर अगदी कोवळा पोरगा. त्यानं कागद ओढून विचारलं, "आजी, वय?"

"एकोणपन्नास," माय म्हणाली. आजी म्हटल्याचा राग तिच्या आवाजात स्पष्ट होता.

स्टुलावर बसलेल्या बाबांनी चटकन मान वर केली. तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मायनं ते पाहिलं.

"हाली," ती डॉक्टरला म्हणाली. "कलदारात बेचाळीसच."

डॉक्टरला काय कळणार? तो पेन धरून आमच्याकडे बघत राहिला. बाबा मात्र इतके हसले, इतके हसले, की डोळे मायचे तपासायचे होते आणि पुसायला लागले बाबांचे.