लहरवाली मॅडम

बाळाला हात लावण्याआधी लहरवाली मॅडम त्याची परवानगी घ्यायच्या. तळहात चोळून गरम करायच्या, काचेच्या पेटीत वाकायच्या आणि म्हणायच्या, "डोक्याला जरा तारा लावते हं बेटा. चालेल ना?" मग क्षणभर खरंच थांबायच्या.

नवजात बाळांच्या मेंदूतल्या विजेचा आलेख बघणाऱ्या त्या डॉक्टर. मूळच्या अमरावतीच्या, पण नोकरी सगळी दिल्लीत. पडद्यावर मेंदूच्या लहरी बघतात, म्हणून 'लहरवाली' हे नाव त्यांना वॉर्डातल्या नर्सनी दिलेलं. माझी मुलगी दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. श्वास यंत्र देत होतं. मेंदूचं काय, ते कुणीच सांगत नव्हतं.

पहिल्याच तपासणीत पडद्यावरच्या रेघा उसळल्या आणि एकदम सपाट झाल्या. सपाटच राहिल्या. मी ओरडलेच, "थांबलं का सगळं?"

"नाही गं," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. "इतक्या लवकर आलेल्या बाळाचा मेंदू असाच असतो. जरा बोलतो, मग बराच वेळ गप्प. बघ तू."

आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. रेघा पुन्हा उसळल्या.

खोटा धीर मात्र त्यांनी कधी दिला नाही. "ही बरी होईल ना?" माझ्या नवऱ्याने विचारलं, तर म्हणाल्या, "आज ठीक आहे. उद्याचं मला माहीत नाही." सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरवर परतताना आम्ही तो 'आज' घट्ट धरून ठेवायचो.

आठवडे गेले. दर तपासणीत मधली शांतता आखूड होत गेली. एका दुपारी त्यांनी मला हाताला धरून पडद्यापाशी नेलं. रेघा आता अखंड चालल्या होत्या.

"ही तिच्या झोपेतली लहर, ही जागेपणीची. आता वेगळ्या दिसतायत. कुणी शिकवलं गं हिला? इतकी वर्षं बघतेय, तरी काटा येतो." त्यांनी बाही सारून हात दाखवला. खरंच काटा आला होता.

पुढे त्या निवृत्त होऊन अमरावतीला गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. आठवतो तो मुलीला घरी सोडलं तो दिवस. तोवर नळ्या आणि चिकटपट्ट्यांखाली तिचा चेहरा आम्हालाही धड दिसला नव्हता. मॅडमनी तिला मांडीवर घेतलं, चष्मा पुसला आणि कितीतरी वेळ नुसतं निरखलं.

"हिला आतून ओळखत होते, तोंड आज बघतेय," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम हसल्या, "अगं, नाक तर थेट तुझं आहे!"