चौघांचं बाकडं

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं एकत्र राहिली, चहा प्यायली, भांडली, की ते आपोआप साठत जातात, ड्रॉवरमध्ये बंद पडलेली पेनं साठतात तसे. अडचण असते ती सांगण्याची. किस्सा रंगतो कधी? तुम्ही सांगताय आणि शेजारचा एकजण मध्येच ओरडतो, "अबे, असं नोतं झालं, फेकून राहिला हा!" तेव्हा. माझ्या शेजारचे असे तिघंही आता अमरावतीत नाहीत. त्यामुळे मी वाटेल तसं सांगू शकतो, कोणी अडवत नाही. खरं सांगू? अजिबात मजा येत नाही.

तरी सांगतो.

*

आम्ही चौघं. वरूडचा प्रवीण, भातकुलीचा संदेश, अकोल्याची स्नेहल आणि अमरावतीतलाच मी. एकाच क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचो आणि रविवारी दुपारी प्रवीणच्या कठोरा रोडवरच्या रूमवर लॅपटॉपला चिकटून जपानी अ‍ॅनिमे बघायचो.

त्यातल्या एका सिरीजने आमची वाट लावली. एका गावातले शाळकरी चार मित्र, समुद्राकाठचं छोटंसं स्टेशन आणि तिथलं एक लाकडी बाकडं. शेवटच्या भागात शाळा संपते आणि चौघं त्या बाकड्यावर शेवटचं बसतात. बस, एवढंच. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही मोबाईल काढून शोधत बसाल आणि माझा किस्सा राहील बाजूला!

तो भाग संपला तेव्हा आम्ही चौघंही हुंदके देऊन रडत होतो. घरमालकीण काकू धावत वर आल्या. परीक्षावाल्या पोरांच्या रूममधून रडणं ऐकू आलं, की त्याचा एकच अर्थ असतो.

"कोणाचा रिझल्ट लागला रे पोट्टेहो?"

प्रवीणने नाक पुसत स्क्रीनकडे बोट दाखवलं. "काकू, त्याहीची शाळा संपली."

काकूंनी स्क्रीनवरची हसरी चौघं बघितली, मग आमची तोंडं बघितली. "ज्याहीची संपली थे हसून राहिले. अन् तुमची संपूनच नाही राहिली, म्हणून तुमी रडून राहिले का?"

*

मग संदेशने शोध लावला, की ते स्टेशन खरोखरचं आहे! जपानमध्ये ही कार्टूनवाली मंडळी खऱ्या गावांत हिंडून तिथल्या जागा जशाच्या तशा काढतात म्हणे. आणि चाहते नंतर त्या गावांना जातात. एका हातात मोबाईलवर तो सीन धरायचा, मागे खरी जागा, आणि फोटो. देवदर्शनासारखंच.

त्याच दिवशी ठरलं. चौघांनी जायचं आणि चौघांनी त्या बाकड्यावर बसायचं.

पण जपान एकदम कसं जमणार? आधी तालीम. मूर्तिजापूरकडे छोट्या, नॅरोगेज गाडीची लाईन बंद पडलेली आहे, तिच्यावरचं एक ओस स्टेशन स्नेहलने हुडकलं. रुळांत गवत, पाटीवरचा रंग उडालेला, पण बाकडं शाबूत! संदेश मोबाईल डोळ्यासमोर धरून मागे-पुढे सरकत होता, स्नेहल पावलांनी प्लॅटफॉर्म मोजत होती आणि प्रवीण उगाच रुळांवर वाकून बघत होता.

एक म्हातारे काका बराच वेळ आमच्याकडे बघत होते. ते गेले आणि थोड्या वेळाने गावातली निम्मी माणसं घेऊन आले. पुढे सरपंच, हातात नारळ.

"साहेब, गाडी सुरू होऊन राहिली म्हंता! आमच्या गावाले स्टॉप राह्यला पाहिजे बरं!"

आम्ही तिघं गार. प्रवीणने शांतपणे नारळ घेतला आणि म्हणाला, "राहीन ना स्टॉप."

परत येताना संदेश त्याच्यावर भयंकर चिडला. "खोटं काहून बोलला बे?"

"मंग काय सांगू? कार्टूनमधल्या बाकड्याची प्रॅक्टिस करून राहिलो म्हणून?"

लाईन अजून बंदच आहे. त्या स्टेशनवर मी नंतर एकदा एकटा गेलो होतो. तेच काका भेटले आणि त्यांनी विचारलं, "बाकीचे साहेब कोठी गेले?" मी म्हटलं, बदली झाली.

*

संदेशच्या घरी परवानगीचा प्रश्न होता. त्याच्या आईला कार्टून वगैरे सांगणं शक्यच नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं, "आई, जपान म्हंजे बुद्धाचा देश."

झालं! त्याच्या आईने, म्हणजे आमच्या मावशींनी, ही बातमी विहारात सांगितली. पुढच्या पौर्णिमेला संदेशचा सत्कार! शाल, गुलाबाचं फूल, समोर पांढऱ्या साड्यांतल्या बायाबापड्या आणि मागच्या रांगेत आम्ही तिघं, हसू दाबून पोट दुखलेले. संदेश बिचारा घामाघूम होऊन उभा.

एका रिटायर्ड गुरुजींनी प्रेमाने विचारलं, "बेटा, तठी मुक्काम कोण्या विहारात?"

संदेशच्या डोक्यात त्या क्षणी एकच जागा होती. तो म्हणाला, "स्टेशनवर."

मग गुरुजींनी डोळे पुसले. "पाहा! याले म्हंतात साधेपणा! पोरगं स्टेशनवर झोपीन, पण दर्शन घेईन!"

टाळ्या काही थांबेनात.

*

यानंतरचं जे आहे त्याला किस्सा म्हणता येत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. संदेशला सरकारी नोकरी लागली, पोस्टिंग गडचिरोलीकडे. स्नेहल हैदराबादला एका कंपनीत गेली. प्रवीणच्या बाबांची तब्येत बिघडली आणि त्याने वरूडची संत्र्याची बाग हातात घेतली. मी ज्या क्लासमध्ये शिकत होतो तिथेच शिकवायला लागलो. तीच खोली, तोच फळा, फक्त माझं तोंड दुसऱ्या दिशेला.

सगळ्यांचे पासपोर्ट निघाले होते. तारखा दरवर्षी ठरायच्या. कधी स्नेहलची रजा नामंजूर, कधी संदेशला इलेक्शन ड्यूटी, कधी प्रवीणच्या बागेत संत्र्यांचा तोडा. ग्रुपवर हळूहळू फक्त वाढदिवसाचे केक यायला लागले. अखेर स्नेहलनेच फोन केला.

"तू जा. आपल्यातलं कोणीतरी तं जा!"

मी म्हटलं, चौघांचं ठरलं होतं.

"चौघं जमाची वाट पाहशीन तं थे बाकडं सडून जाईन."

मला जपान नको होतं हो. मला हे तिघं हवे होते. पण हे फोनवर कसं बोलतात ते मला आजही माहीत नाही. मी तिकीट काढलं.

क्लासमधल्या पोरांना कळलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्यासंग कोण जाऊन राहिलं?" मी म्हटलं, न्यूटनचा पहिला नियम लिहा.

*

निघायच्या दिवशी प्रवीण वरूडहून गाडीवर अमरावतीच्या स्टँडवर आला. कॅरिअरला संत्र्यांची पेटी.

"हे बाकड्यावर ठेव अन् फोटो काढ. मी आलो असं समज."

"अबे, तिकडे फळं नाही नेऊ देत."

"संत्र्याले थोडीच पासपोर्ट लागते!"

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पेटी घेऊन मी एअरपोर्टवर पोचलो आणि गेटजवळ बसून येईल त्याला संत्रं देत सुटलो. लोक आधी संशयाने बघायचे, मग दुसरं मागायचे. एका बाईंनी तर व्हिजिटिंग कार्ड मागितलं! शेवटची काही राहिली ती मीच सोलून खाल्ली आणि सालींच्या ढिगाचा फोटो प्रवीणला पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं: "साल तं नेता येते ना बे?"

*

जपानमध्ये पहिल्याच दिवशी मावशींनी सांगितलेल्या बुद्धमूर्तीचं दर्शन घेतलं, फोटो पाठवला. भातकुलीच्या विहारात तो फ्रेम करून लावलाय. त्यानंतर मी आणि माझी बॅग. सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर आणि बोलायला कोणी नाही. नमस्कार, धन्यवाद आणि माफ करा, एवढ्या तीन शब्दांवर माणूस किती दिवस काढणार?

एका गावात मशीनमधून चहाची बाटली घ्यायला गेलो. नाणं टाकलं, नाणं परत. पुन्हा टाकलं, पुन्हा परत. शेवटी माझा तोल गेला.

"काहून नाही घेऊन राहिली बे? पाहुणा दिसतो म्हणून का?"

मागे एक जपानी आजीबाई उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, मशीनला फाडकन थापड मारली आणि त्यांच्या भाषेत तिला काहीतरी खडसावलं. मी वऱ्हाडीत झापलं, त्यांनी जपानीत झापलं. पुन्हा मी, पुन्हा त्या! मशीनने काही चहा दिला नाही. आजीबाई मान हलवत निघून गेल्या. त्या आख्ख्या प्रवासात मी केलेला सगळ्यात मोठा संवाद तो. त्या गेल्यावर मी तिथेच थोडा वेळ थांबलो, परत येतील म्हणून.

*

आणि मग ते स्टेशन.

समुद्र अगदी रुळांना लागून. बाकडं, पाटी, छपराचा पत्रा, सगळं आम्ही रूमवर बघितलं होतं तसंच. फक्त सिरीजमध्ये नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे लाईन! माझ्यासारखेच आलेले लोक, मोबाईलवर तोच सीन काढून उभे. गंमत म्हणजे सगळे एकेकटे. एकजण बसायचा, फोटो काढायचा, वाकून उठायचा, की दुसरा. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

माझी पाळी आली. त्या सीनमधला डावीकडून पहिला मी, हे आमचं केव्हाच ठरलेलं. मी तसा बसलो आणि ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला. संदेशला रेंज नव्हती. स्नेहलचा "मीटिंगमध्ये आहे" असा मेसेज आला. प्रवीणचा फोन वाजत राहिला, वाजत राहिला. बागेत असला की तो फोन घरी विसरतो.

मग आईला लावला. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"जेवला का?"

"हाव."

"हेच का थे बाकडं?"

"हाव आई, हेच."

"मले नीट दिसून नाही राहिलं."

मी हात लांब करून तिला सगळं बाकडं दाखवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागे समुद्र. आईने फोन डोळ्यांजवळ नेला. स्क्रीनवर नुसतं तिचं कपाळ.

"तुयासंग कोणीच नाही?"

"नाही. मी एकटाच."

"मंग कोपऱ्यात काहून बसला?" आई म्हणाली. "मधात बस."